वरातीसाठी बंदूक

लग्नात फटाक्यांचा जळका वास आला, की मला जालन्यातलं ते बंदुकीचं दुकान आठवतं. चुलतबहिणीच्या लग्नात वरात दारात आली की बार काढायचे, म्हणून काका मला सोबत घेऊन बंदूक घ्यायला निघाले होते. परवाना मात्र पिकाच्या राखणीचा होता. काका एकेक बंदूक खांद्याला लावून भाव विचारत होते. दुनळी महाग होती, एकनळीचं लाकूड त्यांना आवडेना. स्वस्तातली, नळीत दारू ठासून उडवायची भरमार एकच उरली होती आणि ती वडीगोद्रीकडचा एक शेतकरी हातात धरून उभा होता. "डुकरांनी सगळा भुईमूग उकरला, पाटील. तुमच्याकडं बी तरास हाय का?" "न्हाई, आमच्याकडं पोरीचं लगीन हाय. हिचा आवाज बराबर दणक्यात निघंल," म्हणत काकांनी भाव वाढवून दिला. दुकानदारानं ती त्याच्या हातातून काढून घेतली. गावोगाव जमीनदारांविरुद्ध पत्रकं वाटणारा, भाषणं करणारा मी तिथं एक शब्द बोललो नाही. निघताना तो शेतकरी मला म्हणाला, "त्या दिशी पारावर लई चांगलं बोलल्ते तुम्ही." त्यात टोमणा नव्हता. अजूनही भाषणाला टाळ्या पडल्या, की माझी मान खाली जाते.