मांडीखालचा हात

शामराव आबा शेवटची काही वर्षं उजवा हात मांडीखाली दाबून बसत. चहा डाव्या हातानं पीत. पाहुण्यांना वाटे, वाताचा त्रास असेल. मला खरं ठाऊक होतं, कारण तो हात पहिल्यांदा मांडीखाली गेला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

तासगावजवळच्या आमच्या गावात त्यांची आणि माझी द्राक्षबाग बांधाला बांध लागून. माणूस दिलदार, पण हात सैल. "तोंडानं सांगून कुनाला कळलंय व्हय आजवर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते पुरं व्हायच्या आत समोरच्याच्या कानाखाली आवाज निघालेला असे. एकदा एक म्हातारी उतरायच्या आधीच कंडक्टरनं बेल मारली आणि ती रस्त्यावर आपटली. आबांनी मोटारसायकल आडवी घालून एसटी थांबवली, कंडक्टरला कॉलर धरून खाली ओढलं आणि ओठ फुटेस्तोवर हाणलं. संध्याकाळी द्राक्षं घेऊन त्याच्या घरी विचारपूस करायला पुन्हा हेच गेले. बेदाण्याच्या शेडवर माल चाखता चाखता खिसे भरणाऱ्या दलालाच्या माणसाला तर त्यांनी सुकत घातलेल्या बेदाण्यातच लोळवला. तो उठला तेव्हा त्याच्या केसांना बेदाणे चिकटलेले. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा सगळेच हसायचे.

दत्ताच्या वेळी मात्र कोणी हसलं नाही. दत्ता हा आबांचा एकुलता एक, मिसरूड फुटायच्या वयाचा. त्यानं हौसेनं ट्रॅक्टर मित्राच्या हातात दिला आणि भरल्या घडांची एक अख्खी ओळ तारांसकट भुईसपाट झाली. आबांनी फवारणी पंपाचा पट्टा काढला. ओरडा ऐकून मी बांध ओलांडून धावलो, तेव्हा पोरगं दोन्ही हातांनी डोकं झाकून मातीत बसलं होतं. त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. मध्ये पडलेल्या अक्कांच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, पाठीवरही वळ उठले होते. आबांना आवरायला आम्ही तिघं गडी लागलो. पहाटे दत्ता घरात नव्हता. पुढं कळलं, मुंबईहून तो दुबईला गेला. त्याचा फोन अक्कांनाच यायचा, तोही आबा घरात नसताना.

त्यानंतर काही वर्षांनी, नव्वदच्या दशकात, आमची द्राक्षं परदेशी जायला लागली आणि बागायतदारांचा एक दौरा हॉलंडला निघाला. दुबईत सकाळी उतरायचं, पुढचं विमान रात्री. मधल्या वेळात शहर बघायला बाहेर सोडणार होते. निघताना अक्कांनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि दत्ताच्या कामाचा पत्ता माझ्या पिशवीत घातला.

"भाऊ, बापल्योकांची गाठ घालून द्या. पन ह्यांचा हात उठू देऊ नगा. आता उठला, तर माजं पोरगं मला परत दिसायचं न्हाई."

बाकीची मंडळी सोन्याचा बाजार बघायला गेली. आबा आणि मी टॅक्सी केली. उंच इमारतींकडं बघत आबा म्हणाले, "एवढ्या काचा पुसतंय कोन रं?" लाकडी होडीतून खाडी ओलांडताना म्हणाले, "ह्यो तर आपल्या सांगलीचाच घाट की." मग होडीतून उतरता उतरता एकदम विचारलं, "मला बघून पळंल का रं त्यो?"

दत्ता एका बांधकामावर सळया वाकवत होता. आता चांगली मिशी आली होती. आम्हाला बघताच हातातलं काम टाकून तो आमच्याकडं धावत निघाला आणि त्याच्यामागून मुकादम. मुकादमानं काही विचारलं नाही. मागून मानेवर अशी ठेवून दिली, की दत्ता तोंडावर आपटला. मग आमच्याकडं बघून हसत म्हणाला, "बोलने से नहीं समझते ये लोग."

आबांचा हात वर गेला. मी त्यांच्या दंडाला लोंबकळलो, पण तो हात अडवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. अडवला तो दत्तानं. उठता उठता त्याला फक्त आबांचा वर गेलेला हात दिसला. मिशीवाला, सळया वाकवणारा तो बाप्या माणूस दोन्ही हातांनी डोकं झाकून मातीत उकिडवा बसला. "आबा, नगा. चुकलं माजं."

मुकादम शिव्या देत निघून गेला. आबांचा हात अजून वरच होता. "तुला न्हाई रं दत्ता," ते सारखं म्हणत होते, "तुला न्हाई." दत्ताला ते ऐकू गेलं नाही. आबा त्याच्या डाव्या बाजूला उभे होते आणि त्या कानानं त्याला पट्ट्याच्या मारापासून ऐकू येत नव्हतं.

चटणीचा डबा मीच दिला. दत्ता माझ्याशीच बोलला. "आईला सांगा, बरा हाय. घरला न्हाई येत." रात्री विमानात आबांनी जेवण परत पाठवलं आणि उजवा हात मांडीखाली घातला.

पुढं भाऊबंदांनी बांधाच्या भांडणात त्यांना काठ्यांनी बडवलं. खांदा फुटला, सदरा रक्तानं भिजला, पण आबांनी हात उचलला नाही. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "एकदा निघाला की थांबत न्हाई गड्या त्यो. मी वळखतो त्याला."

सांगलीला विश्रामबागच्या दवाखान्यात त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा अक्कांनी फोन केला आणि दत्ता आला. डाव्या हाताची शीर सापडेना म्हणून नर्सनं उजवा मागितला. आबा शुद्धीत होते, पण मांडीखालून हात काढेनात. शेवटी दत्तानंच तो हळूच ओढून काढला आणि आपल्या ओंजळीत धरला.

"मारा की आबा, एक. लय दीस झालं," तो म्हणाला. हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आबांचा हात वर गेला. माझी नजर आधी दत्ताच्या हातांवर गेली. ते त्याच्या गुडघ्यांवर उतरले होते, डोक्याकडं गेले नाहीत. आबांची बोटं चाचपडत त्याच्या डाव्या कानापाशी पोचली आणि तिथंच थांबली. सलाईनची सुई हातात घेऊन नर्स बराच वेळ उभी होती.