कापलेल्या टेस्ट पिना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलासुद्धा नाही. आणि मी काही बोलायला बिचकणारा माणूस नाही, बरं का! नव्वदच्या दशकात आमच्या नगरच्या डिप्लोमाला माझ्याइतकं सर्किट कळणारा पोरगा नव्हता, हे आजही छातीठोकपणे सांगतो. सावेडीहून स्कूटर दामटत यायचो. तोराच तसा होता.

प्रोजेक्टला जोडीला आली जामखेडची सुनंदा. साखर कारखान्याच्या फाटकातून शिरणाऱ्या उसाच्या गाड्या मोजायचं यंत्र – मोजणीचा भाग तिचा, आकडे दाखवायचा माझा. दोन्ही भागांच्या मधोमध, सर्किटच्या बोर्डावर, तिनं टेस्ट पिना बसवल्या. तिथं मीटर टेकवला, की बिघाड तिच्या बाजूला आहे की माझ्या, ते लगेच कळावं. मी खिदळलो – कसले खिळे ठोकत बसलीस गं? ती शांतपणे म्हणाली, "बोर्डानं सवताहून सांगाया पायजे, मला हितं दुखतंय."

परीक्षा घ्यायला येणारे साहेब एमआयडीसीतल्या एका कंपनीचे होते. तिथं एकच जागा होती, आणि ती आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार, हे जवळपास ठरलेलं.

त्या सकाळी मी तिच्या आधी पोचलो. यंत्र चालू केलं – आकडे भलतेच! पिनांवर मीटर टेकवला. तिच्याकडून येणारं सगळं बरोबर होतं. म्हणजे घोळ माझ्या भागात... माझ्या! दुरुस्तीला वेळ नव्हता. मग मी काय केलं असेल? तिची वाट पाहिली? छे – कटर घेतला आणि पिना मुळापासून कापून टाकल्या.

साहेबांसमोरही आकडे भलतेच आले. त्यांनी विचारलं, मोजणी कुणी केली? मी म्हणालो, हिनं. वाक्य खरंच होतं ना? सुनंदानं मीटर उचलला, पिना शोधल्या, आणि मीटर तिच्या हातातच राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं – पण दाखवणार कशावर? त्या नजरेची मला आजही लाज वाटते. नोकरी मला लागली. ती जामखेडला परत गेली.

आता मी कॉलेजात शिकवतो, आणि चांगलं शिकवतो. पहिल्याच तासाला फळ्यावर टेस्ट पिना काढून सांगतो – बोर्डानं स्वतःहून सांगायला पाहिजे, मला इथं दुखतंय. पोरं खूश होतात. परवा एका मुलीनं विचारलं, सर, हे वाक्य कुणाचं?

मी म्हणालो, माझं.