मी पळवलेला माणूस

पुस्तकात कुणी पोलिसांच्या हातून निसटला की मी आजही ते मिटून ठेवतो.

आमच्या आंधळगावकडच्या गावात मासे धरणारा एक जण होता. गावतलावाचा ठेका बाहेरच्या माणसाकडे गेल्यावरही त्याने वाडवडिलांसारखं जाळं टाकलं आणि त्याच्यावर चोरीचा खटला झाला. मी शाळेत मराठी शिकवायचो, कथा लिहायचो. मला एवढंच ठाऊक होतं, बाकीचं रचलं. माझ्या कथेत पोलीस येताच तो तलावात बुडी मारतो, कमळाच्या पानांआड श्वास धरून राहतो आणि जंगलात नाहीसा होतो. नाव बदललं, पण त्याचा अर्धा तुटलेला अंगठा मोह पडून तसाच ठेवला. कथा दिवाळी अंकात आली. तुमसरला एका कार्यक्रमात वाचली, तेव्हा टाळ्या पडल्या.

पुढे मोहाडीच्या बाजारात, मासळीच्या टोपल्यामागून त्याने हाक दिली.

"गुरुजी, पोरीनं वाचून दाखवली. चांगली लिवली. पण मले काहून पळवलं?"

"कथेत तसं करावं लागतं," मी म्हणालो.

"मी सात वर्षं एकबी तारीख सोडली नाई. धानाच्या रोवण्यातबी गेलो. नाव पुकारलं का हाजर." त्याने पिशवीतून निकालाची नक्कल काढली. तो निर्दोष सुटला होता. "हे कोनी वाचत नाई. तुमचं सारेच वाचून राहिले. सोयरे पोरीले इचारतात, तुहा बाप कोठी लपला होता?"

त्याचा आवाज चढला नव्हता. तेच मला सोसवेना.

मग मी खरी कथा लिहिली. एक माणूस कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहतो, तारीख घेतो, सायकलने घरी जातो. संपादकांनी ती परत पाठवली: यात काही घडतच नाही. दुरुस्त करू म्हणत मी ती कपाटात ठेवली. त्याच पावसाळ्यात तो तापाने गेला.

तेरवीच्या पंगतीत शेजारचा म्हातारा कौतुकाने सांगू लागला, "लय हिकमती माणूस. पोलीस आले तं तलावात बुडी मारून जंगलात गेला."

"नाही हो, तो पळाला नव्हता," मी म्हणालो. "प्रत्येक तारखेला हजर होता."

म्हातारा हसला. "तुमाले का मालूम, गुरुजी?"

त्याला कथा वाचून दाखवणारी मुलगी भात वाढत समोर आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पानावर भात वाढला आणि पुढे गेली.