प्रिंटरपाशी भेटलेल्या बाई

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या वाचनालयात शनिवारी प्रिंटरपाशी एक मराठी बाई दिसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. छापलेला कागद त्या तिथेच उभ्याने वाचायच्या आणि पटला तरच पुढचा काढायच्या.

मी मात्र लेकीच्या इथल्या मेडिकल प्रवेश परीक्षेसाठी लातूरच्या भावाने पाठवलेल्या बायोलॉजीच्या फुकट नोट्स धडाधड छापत होतो. तिसऱ्या शनिवारी बाईंनी माझी चार पानं चाळली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"आल्झो, म्हणजे बघा, या तिकडच्या, भारतातल्या 'नीट' परीक्षेच्या आहेत. इथे पाठ केलेलं विचारत नाहीत हो. उतारे, तक्ते, आकृत्या देतात आणि डोकं चालवायला लावतात. परीक्षा घेणाऱ्यांच्याच साइटवर नमुना प्रश्न फुकट आहेत." मग गठ्ठ्याच्या कडा टेबलावर ठोकून जुळवत त्यांनी विचारलं, "मुलीला विचारलंत का, तिला काय हवंय?"

नव्हतं विचारलं. घरी येऊन विचारलं.

लेकीने खणातून नमुना प्रश्नांची पुस्तिका काढली. अर्ध्याहून जास्त सोडवलेली होती. नेहमीसारखी जर्मनमध्येच म्हणाली, "बाबा, तू दर शनिवारी इतक्या हौसेने छापून आणतोस, मला सांगवेना."