डावऱ्या, मुका आणि पप्पांचा गुडघा

पप्पांना बास्केटबॉल फिलिपिन्सच्या खलाशांनी शिकवला. तेव्हा ते न्हावा शेवाला कामाला होते. जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळ्यांनी जागच्या जागी घट्ट बांधायचे आणि जहाज रिकामं करताना सोडायचे, हे त्यांचं काम. बंदराजवळ खलाशांसाठी एक क्लब होता आणि त्याच्या मागे सिमेंटच्या जमिनीवर एकच रिंग. जहाज धक्क्याला लागलं की ही माणसं आधी घरी फोन करायची आणि मग चपला घालून खेळायला उतरायची. पप्पा अजूनही हे सांगताना स्वतःच्या पायांकडे बघतात. "बूट नाय, काय नाय. बाथरूमची स्लीपर. आनि पलायचे असे, जशी काय मागं आग लागलेय." एक दिवस त्यांच्यात एक माणूस कमी पडला आणि त्यांनी जाळीपलीकडून बघत उभ्या असलेल्या पप्पांना हाताने आत बोलावलं.

खलाशांना मराठी येत नव्हतं, पप्पांना इंग्रजी. अमेरिकेतल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या गोष्टी पप्पांना कळल्या त्या मोडक्या हिंदीतून आणि हातवाऱ्यांतून. त्यामुळे खेळाडूंची खरी नावं त्यांच्या तोंडी कधी बसलीच नाहीत. एक जण डाव्या हाताने टाकायचा, तो डावऱ्या. एक रिटायर झाला, परत आला, पुन्हा रिटायर झाला, पुन्हा आला. तो पाव्हना, कारण येतो येतो म्हणत दारात उभा राहून आणखी अर्धा तास बोलतो. एक होता तो मैदानात कुणाशी भांडायचा नाही आणि मुलाखतीला बसवलं की मान खाली घालायचा. तो मुका. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मला सगळ्यांची नावं स्पेलिंगसकट ठाऊक आहेत. पण आमच्या घरात ती कुणाला कळणार नाहीत, म्हणून मीही डावऱ्या आणि मुकाच म्हणते. इथेही तेच म्हणते.

पप्पांनी बंदर सोडून बरीच वर्षं झाली. आता ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर बसतात. ट्रक काट्यावर चढतो, पप्पा आकडा वाचतात, पावती फाडतात, ट्रक उतरतो. दिवसभर खुर्ची. पण दर रविवारी सकाळी सात वाजता ते नवीन पनवेलला आमच्या सेक्टरच्या मैदानात खेळायचे. मी दहा वर्षांची असल्यापासून बाजूच्या बाकावर बसून वहीत स्कोअर लिहिते. तिथे मला सगळे ओळखतात आणि माझ्याशी कुणाला बोलावं लागत नाही. माझी यापेक्षा आवडती जागा नाही. "तू नाही खेळत?" असं कुणी नवीन माणसाने विचारलं, की मी वहीत काहीतरी तपासायला लागते.

खेळून आल्यावर पप्पा आंघोळ करतात, चहा घेतात आणि म्हणतात, "हां बाय, सांग कोनाची तरी." मग मी फोनवर एखाद्या खेळाडूची कारकीर्द इंग्रजीत वाचते आणि त्यांना मराठीत सांगते. कोणत्या गावचा, कुणी निवडला, किती वर्षं खेळला, कसा थांबला. तसं आम्ही दोघं कमी बोलणारे. आठवडाभर आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" आणि "हो". रविवारचा हा एक तास मात्र मी सलग बोलते, आणि ते सलग ऐकतात.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचा उजवा गुडघा सुजला. जुन्या पनवेलमधल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून दाखवला. दोन हाडांच्या मधे जी जागा दिसायला हवी ती राहिलीच नव्हती. "चाला हवं तेवढं," डॉक्टर म्हणाले, "पण पळणं आणि उड्या बंद. नाहीतर वर्षभरात ऑपरेशन." पप्पांनी ट्रॅफिक हवालदारासमोर हलवतात तशी मान हलवली. रविवारी गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि खेळायला गेले.

आल्यावर गुडघा पावासारखा फुगला होता. आईने फ्रीजमधली मटारची पिशवी त्यावर ठेवली आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तू सांग त्यांना."

"माझं कोण ऐकतं?"

"तू बोलतेस ते नाही ऐकत," आई म्हणाली. "वाचतेस ते ऐकतात."

मग मी वाचायला लागले. पहिल्या रविवारी मी डावऱ्याचा शेवट सांगितला. गुडघा गेला, दोन ऑपरेशनं झाली, तरी हट्टाने खेळला आणि शेवटी धड जिनासुद्धा चढता येईना. हे खरं होतं. मी फक्त त्याची जिंकलेली सगळी वर्षं पाच मिनिटांत उरकली आणि ऑपरेशनांना अर्धा तास दिला. दुसऱ्या रविवारी दुसरा खेळाडू, त्याचाही गुडघा. पप्पा ऐकायचे, "अरेरे" म्हणायचे आणि पुढच्या रविवारी बँडेज गुंडाळून निघायचे. तिसऱ्या रविवारी मला गुडघ्याचा माणूस मिळेना. एक उंच खेळाडू होता, तो पाठीमुळे थांबला होता. मी पाठीचा गुडघा केला.

चौथ्या रविवारी पप्पा मटारची पिशवी गुडघ्यावर नीट बसवत म्हणाले, "बाय, एक सांग. अमेरिकेत कोनाची पाठ दुखत नाय काय?"

मी फोनकडे बघत राहिले.

"नाय, म्हनजे सगल्यांचा गुडघाच कसा जातो? इतकी मोठी मानसं, कोनाचा खांदा नाय, कोनाची कंबर नाय. काय हाय तिकडच्या पान्यात?"

स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी थांबली. ती हसत होती हे मला न बघताही कळलं.

"एकाची पाठ होती," मी म्हणाले. "मी बदललं."

"कोनाची? पाव्हन्याची?"

"त्या उंच माणसाची."

"मंग पाठ का नाय बोलली?"

"तुमचा गुडघा आहे म्हणून."

पप्पांशी मी इतकं सरळ कधी बोलले नव्हते. मला वाटलं आता ते उठून टीव्ही लावतील. ते उठले नाहीत. पिशवी उचलून त्यांनी गुडघा दाबून बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"डाक्टर तुला कमिशन देतो काय?"

"नाही."

"मंग आज मुक्याचा सांग. आनि खरा सांग. पाठ त पाठ, मान त मान."

मुक्याचा शेवट मी मुद्दाम मागे ठेवला होता. तो माझा खेळाडू होता. गप्प राहूनही एखाद्याला सगळे ओळखू शकतात, हे मला त्याच्याकडे बघून लहानपणीच पटलं होतं. त्याला मला कुणाच्या गुडघ्यासाठी वापरायचं नव्हतं. पण आता पप्पांनी मागितलं होतं, म्हणून मी सगळ्यात लांब लेख काढला आणि एकही ओळ न गाळता सांगितला. आई वाटाणे सोलायला बाहेर येऊन बसली, कारण फ्रीजमधले गुडघ्यावर होते.

मुका लहान गावातला, बाप ट्रक ड्रायव्हर. संघ नवे खेळाडू निवडतात त्या दिवशी त्याचं नाव इतकं उशिरा आलं की घरचे जेवायला बसले होते. मग एकाच संघाकडून पंधरा वर्षं. दोनदा विजेतेपद, आणि दोन्ही वेळा फोटोत तो कडेला, अर्धा कापलेला. शेवटच्या वर्षी त्याचे घोटे आणि गुडघे दोन्ही संपले होते. पळता येत नव्हतं. प्रशिक्षकाने तरी त्याला संघात ठेवलं, बाकाच्या अगदी टोकाला. बास्केटबॉलमध्ये कुणी पंचाशी हुज्जत घातली की दंड म्हणून समोरच्या संघाला एक फ्री थ्रो मिळतो, म्हणजे रेषेवर उभं राहून, कुणी न अडवता रिंगमध्ये चेंडू टाकायला मिळतो, आणि तो संघातला कुणीही टाकू शकतो. असा दंड झाला की प्रशिक्षक बाकाच्या टोकाकडे बघायचा. मुका अंगावरचं जॅकेट काढायचा, घडी घालून खुर्चीवर ठेवायचा, चालत रेषेपर्यंत जायचा, एक चेंडू टाकायचा आणि चालत परत येऊन जॅकेट घालायचा. तेवढ्यासाठी लोक उभे राहायचे. एक दिवस हंगाम संपला आणि पुढच्या हंगामाला तो आला नाही. जाहीर वगैरे काही केलं नाही.

मी थांबले. पप्पांनी मटारची पिशवी बाजूला ठेवली.

"एकच टाकायचा?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"चालत जायाचा?"

"हो. आणि फ्री थ्रोला उडी लागत नाही."

"ते मला माहीत हाय, मी काय आज खेलतोय? तू डाक्टरला विचार."

मी. गॅसचा सिलिंडरसुद्धा मी ॲपवरून मागवते, म्हणजे कुणाशी बोलावं लागू नये. पण खोटा गुडघा मी सांगितला होता, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. बुधवारी दवाखान्यात नंबर लावून बसले. प्रश्न कागदावर लिहून नेला होता आणि डॉक्टरांसमोर तो वाचून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"फ्री थ्रो म्हणजे नक्की काय करतात? करून दाखव."

केबिनचं दार उघडं होतं. बाहेर पाच-सहा पेशंट. मी पर्स खुर्चीवर ठेवली, पाय जुळवून उभी राहिले, गुडघे किंचित वाकवले आणि हातात नसलेला चेंडू भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याच्या वरून टाकला. बारा-तेरा वर्षं मी हे बघत आले होते, पण माणसांसमोर करण्याची ती पहिलीच वेळ.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले. ते फक्त माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. मी पुन्हा टाकला.

"एवढंच वाकायचं असेल तर टाकू दे. पण चेंडूमागे पळाले तर मला सांगायचं." मग पुढच्या पेशंटची फाइल उघडत म्हणाले, "तू चांगली टाकतेस."

मी घरी आल्यावर फक्त पहिली दोन वाक्यं सांगितली.

रविवारी पप्पा बँडेज न बांधता मैदानात आले आणि त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. आमच्या ग्रुपमध्ये बँकेत नोकरी करणारा एक तरुण आहे, मोबाइलमध्ये नियमांचं पुस्तक ठेवतो म्हणून त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. पप्पा म्हणाले, "आजपासून आपन पलनार नाय." कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "काकांचा सत्कार करूया. शाल, श्रीफळ."

"नारल देताय काय मला? थांबा जरा. पलनार नाय बोललो, जानार नाय बोललो. फ्री थ्रो मी टाकनार."

"काका, ज्याला फाउल झाला त्यानेच टाकायचा," कॅप्टन म्हणाला. "रूल आहे."

"आनि तू चेंडू न आपटता चार पावलं जातोस, तो कुठल्या रूलमधी हाय?"

बाकीचे हसायला लागले. कॅप्टनही शेवटी हसला. "बरं. पण कुठल्या टीमचे टाकणार?"

"दोनी टीमचे. एकाच टीमचे टाकले त बाकीचा वेल काय करू, शेंगा खाऊ?"

असा आमच्या सेक्टरचा नियम झाला. फाउल कुणालाही होवो, फ्री थ्रो पप्पांचा. ते माझ्या बाजूला बाकावर बसतात. शिट्टी वाजली की अंगावरचं जॅकेट काढून घडी घालून माझ्या वहीशेजारी ठेवतात. पनवेलच्या उकाड्यात त्यांना जॅकेट कशाला लागतं हे आईने सगळं ठाऊक असून विचारलं, तेव्हा पप्पांनी चहा मागितला.

पहिल्याच रविवारी एकदा चेंडू निसटून त्यांच्या समोरून घरंगळत गेला. त्यांचं शरीर विचार न करता पुढे झेपावलं. एक पाऊल, दोन पावलं. मग थांबले आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघत होते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं की ते चेंडूकडे बघत थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग चालत बाकावर परत आले.

"डाक्टरला सांगनार?"

"दोन पावलं पळणं नसतं," मी म्हणाले.

आता गुडघ्याची सूज उतरली आहे. मटारचा पुलाव होतो. ज्या टीमचा फ्री थ्रो चुकतो ती म्हणते काका दुसऱ्या बाजूला मिळालेत, आणि दर रविवारी हा आरोप बाजू बदलतो. पप्पांना तो फार आवडतो. "दोनी बाजू शिव्या देतात म्हनजे अंपायर बराबर हाय," असं ते आईला सांगतात.

शनिवारी संध्याकाळी मैदान रिकामं असतं तेव्हा ते सराव करतात. मी रिंगखाली उभी राहून चेंडू परत देते. पन्नास टाकले की घरी. आम्ही बोलत नाही, चेंडू सिमेंटवर आपटतो तेवढाच आवाज. परवा पन्नास झाले आणि पप्पा जॅकेट घालायला बाकाकडे गेले. चेंडू माझ्या हातात राहिला होता. मी रेषेवर गेले आणि एक टाकला. तो रिंगच्या बराच खालून पलीकडे निघून गेला.

मला वाटलं त्यांनी पाहिलं नाही.

"गुडघा वाकव," पाठीमागून आवाज आला. "तुझा हाय अजून चांगला."