बाबलीकाकांच्या भिंतीवरचा ढवळ्या

चतुर्थी आठवड्यावर आली की माजघरातली गणपतीमागची भिंत नव्याने सारवायची आणि तिच्यावर नवं चित्र काढून घ्यायचं, ही वालावलकडच्या वाड्यांतली रीत. सत्यवतीच्या वाडीत हे काम बाराव्या वर्षापासून तिच्याकडे आलं. गेरू, चुना, नीळ आणि चुलीची काजळी एवढंच भांडवल. कुणाला कमळ हवं, कुणाला हिमालय. हिमालय तिने कधी पाहिला नव्हता, मागणाऱ्यांनीही नव्हता, त्यामुळे तक्रार म्हणून कधी आली नाही. पुढच्या वर्षी भिंत पुन्हा सारवली जायची आणि हिमालय गडप व्हायचा. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाटलं ते चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, कोल्हापूरच्या एका कला महाविद्यालयाचा अर्ज हातात आला तेव्हा.

अर्जाच्या शेवटी छापलं होतं: ‘स्वतःच्या कामाचे नमुने असल्यास जोडावेत. सक्ती नाही.’

पाच वर्षं भिंती रंगवल्या आणि दाखवायला बोटभर कागद नाही! दहावीला अठ्ठावन्न टक्के. चित्रकलेची परीक्षा तिच्या शाळेत कधी झालीच नव्हती. जागा मिळाली तर कोल्हापूर, नाही तर घरी बसून काजू सोलणं. गेलं वर्षभर तेच चाललं होतं आणि बोटांची सालटी निघाली होती.

तिने शाळेतल्या परशुराम गुरुजींना विचारलं. गुरुजी माणूस तिच्या भल्याचाच, पण जपून पाऊल टाकणारा.

“सक्ती नाही म्हणतात ना? मग जोडूच नकोस,” ते म्हणाले. “शिकलेली नाहीस, हे आपणहून कशाला सांगायचं? हात दाखवून अवलक्षण!”

पटण्यासारखंच होतं. तिने घरी येऊन तसंच सांगितलं. पण आई चुलीपुढून म्हणाली, “सगळ्यांनी भिंती पुसल्यानी, पण बाबली अजून ढवळ्याक पुसूक नाय. जाऊन बघ तरी.”

ढवळ्या म्हणजे वाडीतल्याच बाबलीकाकांचा बैल. पाच वर्षांमागे तो गेला. त्या चतुर्थीला काका बारा वर्षांच्या सत्यवतीला म्हणाले होते, “औंदा मोर-बीर नको गो. माझो ढवळ्या काढ.” तिने काढला. वाडीने काकांची यथेच्छ टिंगल केली. “गणपतीन वाहन बदललान काय रे, बाबली?” म्हणून येता-जाता विचारलं.

सत्यवती गेली ती चित्र किती वाईट आहे हे एकदा पाहून विषय मिटवायला. ढवळ्या होता तसाच होता. शिंगं वेडीवाकडी, मागचा एक पाय चांगला वीतभर लांब. आणि कपाळावरचा चुना पार झिजून खालची तांबडी माती उघडी पडलेली.

“काका, ह्या काय झाला?”

“गोठ्यात जाताना हात फिरवतंय,” काका ओशाळून म्हणाले. “सवय गो.”

तिच्या एकाही चित्राकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि इथे एक माणूस पाच वर्षं रोज... अर्जाची गोष्ट तिने तिथल्या तिथे काकांना सांगून टाकली.

तिसऱ्या दिवशी काकांनी बोलावलेला मधू फोटोग्राफर कुडाळहून आला. माजघरात डोकावून त्याने मान हलवली. “हय मरणाचो काळोख. फ्लॅश मारलंय तर चुनो चमकतलो, बैल दिसूचो नाय.”

“उजेडच होयो मां?” म्हणत काका शिडी लावून छपरावर चढले आणि एकेक कौल उतरवू लागले. खाली सीताकाकूंचा पट्टा सुरू झाला. “मिरग तोंडार इलो, लोक घरां शाकारतत, आणि हेंका कौलां काढूची सुचतत!” पण उतरवलेली कौलं हातात घेऊन भिंतीशी रचत होत्या त्याही काकूच.

माजघरात ऊन उतरलं. त्या उजेडात झिजलेलं कपाळ फारच डोळ्यांत भरू लागलं. मधू म्हणाला, “एवढा रंगवन घे. दोन मिनिटांचा काम.”

काकांनी स्वतः चुन्याची वाटी आणून दिली. “रंगव गो बाय. तुझा कॉलेज म्हत्त्वाचा.”

तिने कुंचला बुडवला. गुरुजींचे शब्द आठवले. काकांकडे पाहिलं, तर ते भलतीकडेच बघत होते. तिने कुंचला वाटीत ठेवून दिला आणि म्हणाली, “मधूदादा, असोच काढ.”

फोटो अर्जाला जोडून गेला. मुलाखतीला बोलावणं आलं. शहरातल्या मुलांनी फळं, सुरया, पुतळे काढून आणले होते. तिच्या एकुलत्या एका फोटोवर बोट ठेवून एका सरांनी विचारलं, “इथला रंग उडालाय. दुरुस्त का नाही केलास?”

“उडाला नाही, सर. हात फिरवून गेलाय.” आणि तिने बाबलीकाकांची सगळी हकीकत सांगितली.

सरांनी फोटो शेजारच्यांकडे सरकवला. मग म्हणाले, “मागचा पाय लांब झालाय, हे कळतंय ना?”

“होय सर.”

“बरं. पाय आम्ही शिकवू.”

निवडीचं पत्र आलं तेव्हा पाऊस धरला होता. सत्यवती साखरेची पुडी घेऊन आधी काकांकडे धावली. कौलं घाईत बसवल्यामुळे माजघरात दोन ठिकाणी गळत होतं आणि खाली काकूंची भांडी मांडलेली होती. तिला खूप काही बोलायचं होतं. पण काकांनीच आधी विचारलं, “तेंका ढवळ्या आवाडलो मां?”

“आवाडलो. पण मागचो पाय लांब आसा म्हणाले.”

“लांब?” काका उसळलेच. “ढवळ्याचो तो पाय लांबच होतो! नांगराक जुपलो की तिरको चलायचो. तेंका काय म्हायत? तू बरोबर काढलंस!”

खरं की खोटं, तो ढवळ्याच जाणे. काकूंनी मात्र तोंडाला पदर लावला.

सत्यवतीला हसू आलं आणि रडूही. तिने वाकून काकांना नमस्कार केला, मग काकूंना. जाताना ती भिंतीपाशी थांबली आणि ढवळ्याच्या कपाळावर तिने पहिल्यांदाच हात ठेवला.