बसामामांची बारव

बसामामांसमोर उभं राहणं फार अवघड होतं. दारात माणूस दिसला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघे तो 'बसा'. नाव विचारायच्या आधी, गाव विचारायच्या आधी, कधी कधी माणूस नीट दिसायच्याही आधी. भांडायला आलेला माणूससुद्धा आधी बसे, मग गूळ खाई, पाणी पिई, आणि मग आपण कशासाठी आलो होतो ते आठवत राही. मी त्यांच्याशी दोन सुट्ट्या भांडलो आणि दोन्ही सुट्ट्या बसून भांडलो. बसून भांडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, हे मला त्या ओसरीत कळलं.

औंढा नागनाथाहून दोन कोसांवर त्यांचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या कुणी हे वाचलं तर मला पुन्हा जेवायला बोलावतील. घरची सून, गयावहिनी, त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही मामा म्हणू लागलो, आणि पुढचं 'बसा' आमच्यातल्या वामननं जोडलं. पाटीलकी त्यांच्याकडे नव्हती, सावकारी नव्हती. चार एकर जमीन आणि भरदार मिशा, एवढंच. पण त्यांना विचारल्याशिवाय गावात पान हलत नसे, आणि विचारलं तर ते हलू देत नसत.

निजामाच्या राजवटीतले, चाळीसच्या आसपासचे दिवस होते. आम्ही हैदराबादच्या कॉलेजातली पाच पोरं. आमच्या विज्ञानाच्या सरांनी डोक्यात भरवलं होतं की उन्हाळी सुट्टीत घरी लोळण्यापेक्षा एखाद्या खेड्यात जावं आणि बारा दिवस तरी कुणाच्या उपयोगी पडावं. बाकीची पोरं सुट्टीत मामाच्या गावाला गेली, तसे आम्हीही गेलो, फक्त आमचा मामा निराळा निघाला. हिंगोलीला रेल्वेतून उतरलो, बैलगाडीत बसलो, आणि हाडं खिळखिळी करून घेत गावात पोचलो. बरोबर एक लोखंडी गडगडी, सरांनी दिलेलं एक भिंग आणि पिठाचा डबा होता. गावावर भार टाकायचा नाही, आपलं आपण रांधून खायचं, अशी आम्ही शपथ घेतली होती. तो डबा बाराव्या दिवशी झाकण न उघडता परत गेला.

काम साधं होतं. गावाची बारव म्हणजे जुनी, पायऱ्यांची विहीर. उन्हाळ्यात पाणी तळाला जाई, मग बाया पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत. गावात निम्म्या घरांत नारू होता. आजच्या पोरांना नारू ठाऊक नाही, त्यांचं भाग्य. पायाला फोड येतो, फुटतो, आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकावतो. तो काडीला गुंडाळत रोज बोट-दोन बोटं बाहेर काढायचा; ओढला आणि तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. असा पाय पाण्यात बुडाला की किड्याची पिल्लं पाण्यात जातात, ते पाणी पिणाऱ्याला वर्षभरानं नारू होतो. गयावहिनींना दर उन्हाळ्यात व्हायचा, ऐन पेरणीच्या तोंडावर त्या लंगडत असायच्या. पायऱ्यांच्या तोंडाशी दगडी भिंत घालायची, दोरानं घागर वर ओढायला काठावर गडगडी बसवायची, म्हणजे पाण्यात पाय पडणार नाही आणि पुढल्या पेरणीला वहिनी दोन पायांवर उभ्या राहतील, इतकंच आमचं मागणं होतं.

पहिले चार दिवस आम्ही जेवलो. खरंच सांगतो, दुसरं काही केलं नाही. मामांनी कोणत्या घरी कधी जेवण ते आम्ही यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. सकाळी एका घरी, संध्याकाळी दुसऱ्या. पाचव्या दिवशी मी फावडं घेऊन बाहेर पडलो तर मामा वाटेत उभे. त्यांनी शांतपणे माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं, भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "बसा."

"मामा, आम्ही काम करायला आलोय."

"व्हय, ते आलेच की. पर पाव्हण्यानं घमेलं उचलल्यावर गावाची काय इज्जत ऱ्हाती? लोक काय म्हणतील, लेकरायला बोलावून राबवून घेऊन राहिले."

"मग गावातल्यांनी यावं."

"लग्नसराई हाय. सुट्टी तुमाला हाय बाबा, आमाला न्हाई."

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी मग भिंग काढलं. पेल्यात बारवेचं पाणी घेतलं, उन्हात धरलं, आणि त्यात तुरुतुरु पळणारे, नारूची पिल्लं पोटात वागवणारे ठिपके त्यांना दाखवले. मामांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

"चांगले ताजेतवाने हायत," ते म्हणाले. "मेलेल्या पाण्यात जीव ऱ्हाईल काय?"

मी म्हटलं, निदान पाणी चौपदरी फडक्यातून गाळून प्या, त्यानं हे ठिपके वरच राहतात. त्यावर ते पहिल्यांदा गंभीर झाले. "घरच्यापुरतं गाळू एक येळ. पर पाव्हण्याला गाळून पाणी द्यायचं म्हंजी काय? आपलं पाणी खराब हाय म्हणून आपणच सांगायचं?" हे त्यांना खरोखर भयंकर वाटत होतं. वामननं एकदा त्यांच्या ओसरीत पेल्यावर रुमाल धरून पाणी ओतून घेतलं, तर मामा त्या दिवशी जेवले नाहीत. वहिनींनी आत बोलावून मला सांगितलं, "तकलीफ झाली त्यायला. तुमी तरी तसं करू नका." मी नाही केलं. पाच जणांत मीच सर्वांत मोठ्यानं भाषण करायचो आणि त्या ओसरीत न गाळता पाणी पिणारा मीच होतो. त्या मऊपणाचा मला आजही संताप येतो.

एक गोष्ट मी त्यांना दाखवून दिली होती. गावाबाहेरच्या वस्तीला बारवेची पायरी बंद होती. ते लोक ओढ्यातल्या वाळूत खड्डा खणून, त्यात झिरपेल ते पाणी पीत. त्यांच्यात नारू जवळजवळ नव्हता. ज्यांना बारव शिवू दिली नाही ते धडधाकट, आणि ज्यांची बारव ते लंगडे. याहून उघडा पुरावा काय हवा? मामा म्हणाले, "नशीब चांगलं त्यायचं." आणि पान जुळवू लागले. गावभरच्या पाहुण्यांना पाणी पाजायला धावणाऱ्या ह्या माणसाला त्या वाक्यात काही खटकलं नाही, आणि मला ते अजून खटकतं.

अकराव्या दिवशी आम्ही बंड केलं. मामा उठायच्या आत बारवेवर गेलो, पडक्या कट्ट्याचे दगड आणले आणि पायऱ्यांवर रचायला लागलो. भिंत गुडघाभर झाली असेल नसेल, तोच वरून मामा उतरत आले. भिंत ओलांडली, सरळ पाण्यात उतरले, आणि आतल्या बाजूला, पाण्यालगतच्या पायरीवर असलेल्या माझ्या हातातला दगड घेऊ लागले. त्यांच्या नडगीवर चिंधी बांधलेली होती आणि चिंधीखाली काडी. नारू निघत होता त्यांचा, आणि ते घोटाभर पाण्यात उभे. मी ओरडलो. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसावर मी तेवढा एकदाच ओरडलो.

"मामा, बाहेर निघा. सगळ्या गावाचं पाणी बिघडवताय तुम्ही."

"तुमी निघा आधी," ते म्हणाले. "पाव्हणा वर, मी खाली. हे बराबर हाय."

सुट्टी संपली. आम्ही परत गेलो. मागे राहिलेल्या भिंतीच्या दगडांवर, नंतर कळलं, बायांनी फार सोयीनं धुणं आपटलं.

पुढच्या वर्षी परीक्षेला आठ दिवस असताना माझ्या उजव्या घोट्यावर फोड आला. जळजळ इतकी की पाय बादलीत घालून बसायचो. फोड फुटला, आतलं पांढरं टोक दिसलं, आणि वामन आधी हसला आणि मग आगपेटी शोधायला उठला. मी आगपेटीची काडी घेतली आणि गुंडाळायला लागलो. रोज दोन बोटं. गणिताच्या पेपराला ताप चढला, अर्धा पेपर कोरा ठेवून उठलो, आणि वर्ष गेलं. वडिलांना काय सांगणार? सेवा करायला गेलो होतो आणि हे घेऊन आलो? मामांना समोर उभं करून खूप बोलावं असं रोज वाटायचं. त्यांना उभं कसं करायचं, एवढंच सुचत नव्हतं.

म्हणून पाय बरा व्हायच्या आत मी त्या गावाला गेलो. बरोबर एकटा वामन. आमची लोखंडी गडगडी ओसरीत होती. वर्षभर ती दाराला टेकण म्हणून लावली होती. वहिनी आत जात्यापाशी पाय लांब करून बसल्या होत्या, पायाला काडी. मामांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "बसा, बसा." ह्या खेपेला मी आनंदानं बसलो. पाय पुढं केला आणि चिंधी सोडली.

मामा वाकले. 

"पाव्हण्याला?" ते म्हणाले. मग, "हैद्राबादच्या पाण्याचा आसंल."

"तिथं नळ आहे, मामा. हे तुमच्या ओसरीवरचं पाणी आहे. तुमच्या हातचं."

त्यांनी डोक्याचा पटका काढला आणि मांडीवर ठेवला.  मी वर्षभर घोकलेली सगळी वाक्यं तोंडात होती, पण त्यांचा चेहरा पाहून मी चिंधी पुन्हा बांधायला घेतली. ते उठले आणि बाहेर गेले. वामन दारात उभा होता. त्याला ते 'बसा' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडांचा आवाज आला. मी लंगडत बारवेवर गेलो. सारा गाव तिथं होता. लग्नसराई तशीच होती, कामं तशीच होती, पण माणसं दगड वाहत होती आणि मामा वरच्या पायरीवर उभे होते. मी दगडाला हात लावला तर ते धावत आले. "बसा." माझ्यासाठी लिंबाखाली बाज आणली होती. आणि मग भिंत कशाला म्हणून कुरकुरणारा जो कुणी येई, त्याला ते माझ्या बाजेपाशी आणत, माझा पाय दाखवत आणि म्हणत, "ह्या लेकराच्या पायातून आपलं पाणी निघून राहिलं. बघा." त्या पाच दिवसांत माझा पाय अख्ख्या गावानं पाहिला. पाचव्या दिवशी पायऱ्या बंद झाल्या, गडगडी बसली, दोर खाली पाण्यात सुटला. मी एकही दगड उचलला नव्हता. घरच्या सुनेचा पाय वर्षानुवर्षं तसाच होता, गावातले पन्नास पाय तसेच होते, ते ह्या माणसाला दिसले नाहीत. पाहुण्याचा एक पाय दिसला. ह्यावर आनंद मानावा की डोकं आपटावं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

निघताना मी म्हटलं, "मामा, आता कुणाचा पाय पाण्याला लागत नाही. दोर आहे, गडगडी आहे. वस्तीतल्या लोकांनाही भरू द्या."

"त्ये फुडच्या सुट्टीत बोलू," मामा म्हणाले.

पुढची सुट्टी आली नाही. मी नोकरीला लागलो, पोरांच्या त्या सहली बंद पडल्या, मग राज्यात धामधूम सुरू झाली आणि खेड्यांत जाणंच अवघड झालं. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, वाटा मोकळ्या झाल्या, आणि त्या हिवाळ्यात मी ते राहिलेलं बोलणं बोलायला गेलो. वाटेत ओढा लागला. वस्तीतल्या बाया अजून वाळूत खड्डा करून पाणी भरत होत्या. मी तसाच तणतणत मामांच्या दारात गेलो.

मामा नव्हते. आदल्या वर्षी तापानं गेले होते. गयावहिनी बाहेर आल्या, दोन्ही पायांनी सरळ चालत. त्यांनी मला ओळखलं, आधी माझ्या घोट्याकडे पाहिलं, मग आत जाऊन घागर, पेला आणि मामांचा जुना पटका घेऊन आल्या. पटक्याची चौपदरी घडी पेल्यावर धरली आणि माझ्यासमोर सावकाश पाणी गाळू लागल्या.

"वहिनी, आता गडगडीचं पाणी आहे," मी म्हटलं. "गाळायची गरज नाही."

"व्हय. पर मामा सांगून गेलेत. पाव्हण्याचं पाणी आत गाळून आणायचं न्हाई, त्याच्या म्होरं गाळायचं. आपलं पाणी कसं हाय ते त्याला दिसू द्या, म्हणले."

केवढं तरी बोलायचं ठरवून मी आलो होतो. ओढ्यावरच्या बायांचं, त्या दोराचं, पुढच्या सुट्टीचं. ते ऐकायला आता कुणी नव्हतं, आणि मी दारात उभाच राहिलो.

"बसा," वहिनी म्हणाल्या.

मी बसलो, पेला हातात घेतला, आणि मला रडू आवरलं नाही.